हातोडीबाई आणि फोडाफोडीचा तास

तिसरी घंटा झाली असं समजा. दिवे मालवू द्या. पडदा अजून हललेला नाही, पण आवाज आधी येतो. ठण्, ठण्, ठण्. खाली कुणीतरी पत्रा बडवतंय. मग वरून काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज, आणि पाठोपाठ दहा-पंधरा गळ्यांतून एकदम उठलेली आरोळी: "ए रोतो एल वासो!"

जाऊ द्या आता पडदा वर.

तळाला एक गॅरेज. चेपलेल्या, खरचटलेल्या, नाक ठेचलेल्या गाड्यांची गर्दी. त्या गर्दीत पोट सुटलेला एक वयस्क माणूस पाठीवर उताणा पडून गाडीच्या दाराला आतल्या बाजूने हातोडी मारतोय. हा ठोकमामा. डाव्या अंगाला लाकडी जिना, इतका अरुंद की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला मिठी मारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. जिन्याच्या माथ्यावर दोन माणसांपुरता चौथरा आणि त्यावर बाहेरच्या अंगाला उघडणारं एक दार. या दाराला कडी नाही, कोयंडा नाही, साधी खिट्टीसुद्धा नाही. जिथे त्या होत्या तिथे लाकडात नुसती भोकं उरलीत. दार बारा महिने सताड उघडं, आणि वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला एक धोंडा लावलेला.

आत लांबट खोली. फळा, बाकं, खिडकीत दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. मधोमध मटणाच्या दुकानात असतो तसा लाकडी ओंडका, घावांनी भरलेला. आणि ओंडक्यामागे, हातात हातोडी घेऊन, साठीच्या घरातली एक ठेंगणी बाई. केस मागे घट्ट बांधलेले, त्यामुळे डावा कान लपत नाही. त्या कानाला पाळी नाही.

सारा मोहल्ला तिला हातोडीबाई म्हणायचा. "कुठे चाललास? हातोडीबाईंकडे? डोकं घरी ठेवून जा बाबा," असं लोक जिन्याखाली म्हणायचे आणि हसायचे. वर्गातली माणसं मात्र नुसतं बाई म्हणत. परदेशी कामाला जाऊ पाहणारी ही माणसं. कुणी वेल्डर, कुणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी, कुणी आचारी. जिथे जायचं तिथे स्पॅनिश बोलतात, म्हणून ती शिकायला इथे येत. बाई त्यांना आधी नमस्कार-चमत्कार शिकवायच्या, मग आकडे, मग रस्ता विचारणं. आणि प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या दिवशी, तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी, फोडाफोडीचा तास असायचा.

त्याची रीत ठरलेली. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. अट एकच, ती गेली तर घरात कुणी रडू नये. काचेची असेल तर गोणपाटात गुंडाळायची, ओंडक्यावर ठेवायची, हातोडी उचलायची आणि घालायची. मग छातीवर हात ठेवून सांगायचं, मी काय केलं. मग गोणपाट उलगडून सांगायचं, वस्तूचं काय झालं.

"पुढे कोण? या आचारीबुवा."

आचारी म्हणजे दरवाजा भरून जाईल असा गडी, मिशा तुरेदार. त्याने पिशवीतून एक कप काढला.

"सासूबाईंचा फोटो आणणार होतो बाई, पण तुमची अट आडवी आली. घरात एक जण तरी रडलं असतं."

"कोण? बायको?"

"नाही, सासूबाई. जिवंत आहेत अजून."

वर्ग खिदळला. आचाऱ्याने हातोडी घातली, कप गोणपाटातच भुगा झाला, आणि तो छाती फुगवून ओरडला, "ए रोता ला तासा!"

बाईंनी हातोडीचा दांडा ओंडक्यावर आपटला. प्रत्येक तुकडीत ही चूक व्हायची, आणि मराठी जिभेचा माणूसच ती करू जाणे.

"कुणी फोडला?"

"मी."

"तू बदललास का? मिशी तीच, पोट तेच. मग शब्द कशाला बदलतोस? आपण म्हणतो, मी कप फोडला, बशी फोडली, ग्लास फोडले. आपली जीभ फुटणाऱ्याकडे बघून वळते. त्यांची नाही वळत. 'मी फोडलंय' म्हणताना तो शब्द दगड. ए रोतो. कप असो, बशी असो, बाईने फोडो की बाप्याने फोडो, ए रोतो." मग बाईंनी गोणपाट उलगडलं आणि आवाज खाली आणला. "आता ही बघ. तोच शब्द हिला चिकटला की वळला. तासा त्यांच्याकडे बाईमाणूस, म्हणून रोता. पेला, म्हणजे वासो, असता तर रोतो. पेले असते तर रोतोस. ज्याचं मोडलं, त्याच्या अंगावर तो बेतून बसतो."

मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. "म्हणजे बाई, करणाऱ्याला काहीच लागत नाही?"

बाईंनी वर पाहिलं. इस्त्रीवाली होती. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीवर उभी असायची. वर्गात सहसा तोंड उघडत नसे.

"व्याकरणात नाही लागत," बाई म्हणाल्या.

हे व्याकरण बाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्यांचा गुरू सुऱ्या फेकायचा. ऐन विशीत त्या एका फिरत्या सर्कशीत तिकिटं फाडायच्या कामाला लागल्या, आणि समुद्रापारहून आलेल्या त्या स्पॅनिश बोलणाऱ्या देखण्या माणसाने त्यांना तिकिटाच्या खिडकीतून उचलून थेट फळीसमोर उभं केलं. लग्न झालं. रोज दोन खेळ. झगमगता पोशाख, पाठीला फळी, आणि समोरून येणारं पातं. शिकवलं त्याने चांगलं. "डोळे मिटायचे नाहीत. मिटणारा डोळा मान हलवतो. हललीस की मेलीस." बाई शिकल्या. पातं केसाला चाटून जाई, तरी पापणी लवत नसे, आणि तंबू टाळ्यांनी दणाणून जाई.

खेळ संपला की राहत्या गाडीचं दार आतून लागायचं. मग दुसरा खेळ. तो रात्रभर फक्त एवढंच मोजायचा की तिने काय केलं. तू सांडलंस. तू फोडलंस. तू हरवलंस. आणि मग तोच शब्द उलटा वळवून तिच्यावर फेकायचा. फुटलेली. हरवलेली. वाया गेलेली. एका थपडेने डावा कान कायमचा बंद पडला. बरगडी मोडली तेव्हा तिने सलग नऊ खेळ पट्टा आवळून केले, आणि आवळलेली कंबर बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. अशी ती भाषा तिच्या अंगात उतरली. शिव्यांची पहिली पायरी असेना का, वर जाणारा जिना तोच होता.

शेवटच्या दिवशी तो प्यायलेला होता. झुल्यावरच्या माणसाशी ती हसली, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. पहिली सुरी दंडाचं सालटं घेऊन गेली. दुसरी मांडीचं. लोकांना वाटलं, काय नेम आहे! प्रत्येक पात्याला टाळी. लाल रंग पोशाखावर पसरत होता, तर पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "रंगाची पिशवी असते आत." शेवटची सुरी कानाच्या पाळीतून आरपार जाऊन तिला फळीला खिळवून गेली. तो हात पसरून मुजरा करत होता, तेव्हा तिने मान एका झटक्यात बाजूला ओढली. पाळी फळीवर राहिली. ती रिंगणातून चालत निघाली, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने, रक्ताची ओळ मागे टाकत, पुढच्या दारातून बाहेर. साऱ्या तंबूने उभं राहून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एवढी मोठी टाळी तिला पुन्हा मिळाली नाही, आणि तिने मागितलीही नाही.

खूप गावं, खूप मोलमजुऱ्या करून ती या जिन्यापाशी आली. वरची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच दिवशी दाराची कडी उचकटून खाली टाकली. ती पडली ठोकमामांच्या गाडीच्या टपावर.

"ओ बाई! आधीच चेपलेली गाडी आहे, अजून कशाला चेपता?"

"चेपलेली आहे ना? मग काय फरक पडतो?"

मामा कपाळाला हात लावून वर आले. मामांना आपल्या कामाविषयी कुणी असं बोललेलं खपत नसे. "फरक? अहो, मोडलेलं वेगळं आणि पोचा आलेलं वेगळं. मोडलं की फेकायचं. पोचा असेल तर त्याला आतून ठोकायचं. हळूहळू, टेकू देऊन. पत्रा आपसूक आपल्या जागी येतो. बाहेरून ठोकणारा गाढव." बोलता बोलता त्यांची नजर त्या कानावर गेली आणि तिथेच अडली.

"बघताय काय? मी काय तुमची गाडी आहे?" बाई कडाडल्या.

मामा खाली उतरले. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वरच्या पायरीवर एक हातोडी ठेवलेली होती. घासूनपुसून, नवा दांडा बसवून. कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाईंनी ती शिकवायला घेतली. त्यानंतर वर्षानुवर्षं वर फोडणं आणि खाली ठोकणं चाललं. चहाच्या वेळी मामा खालून हाक मारायचे, "बाई, भूकंप थांबवा, कप पडतोय!" आणि बाई म्हणायच्या, "पडू द्या, उद्याच्या तासाला होईल."

तर त्या दुपारी, आचारी आपल्या कपाचे तुकडे गोळा करत असताना, बाईंनी इस्त्रीवालीला पुढे बोलावलं.

ती ओंडक्याशी आली आणि पिशवीतून एक कुलूप काढलं. भलं मोठं, लोखंडी, गोदामाला लावतात तसं. उघडंच होतं, चावी नव्हती. तिने ते ओंडक्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर खटकन दाबून बंद केलं.

"याला काय म्हणतात बाई?"

"कान्दादो."

"कांदा द्यायचा?" आचारी म्हणाला. कुणी हसलं नाही, कारण इस्त्रीवालीची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचे डाग होते, एकाखाली एक, तव्यावर पोळीला डाग पाडावेत तसे. इस्त्रीवर काम करणाऱ्या बाईला चटके बसतात. पण हाताच्या आतल्या बाजूला, इतके सारखे, इतके ओळीत, कुणाला बसत नाहीत.

बाईंना एका क्षणात सगळं कळलं. हे कुलूप घराचं नव्हतं. बाहेर जाताना लावायचं साधं कुलूप वेगळं असतं. हे बाहेरून घालून आतल्या माणसाला कोंडायचं कुलूप होतं. नवरा गोदामावर मुकादम, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि शिकवणीला येते हे घरी ठाऊक नाही, जास्तीची पाळी सांगून येते, असंही. तिची कागदपत्रं एजंटच्या कपाटात पडली होती. उद्या सकाळी तोंडी परीक्षा. पास झाली तर परदेशातल्या एका लाँड्रीत काम, राहायला जागा, आणि मध्ये अख्खा समुद्र.

"हे गेलं तर घरात कुणी रडेल का?" बाईंनी विचारलं.

"रडणार नाही बाई. ओरडेल." ती थोडी हसली. "पण मी तिथे नसेन. आज परत जायचंच नाही, असं ठरवून आलेय."

इथे बाई तिला थांबवू शकल्या असत्या. पोरी, हे पिशवीत टाक, परीक्षा दे, मग गुपचूप नाहीशी हो, असं सांगू शकल्या असत्या. कुलूप टांगायची खुंटी रिकामी दिसली की तो माणूस तिचा माग काढणार, हे त्यांना दिसत होतं. पण फळीवर राहिलेली आपली पाळीही त्यांना दिसत होती. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली.

"दांड्याच्या टोकाला धर. कडीच्या मुळाशी घाल."

पहिल्या घावाने कुलूप नुसतं उडालं. दुसऱ्या घावाने तिच्या तोंडून एक आवाज फुटला, माणसाचा नव्हे असा. मग घावांवर घाव, दात आवळून, ओंडक्याच्या ढलप्या उडवत. वेल्डर उठून मदतीला निघाला, त्याला बाईंनी बोटाने बसवलं. शेवटी कडी तटकन निघून फळ्यावर आदळली. ती धापा टाकत उभी राहिली, आणि कुणी न विचारता, एका दमात, चूक न करता म्हणाली. आधी काय केलं ते. मग कुलपाचं काय झालं ते. बंद होतं, सेर्रादो. फुटलं, रोतो. आता उघडं आहे, आब्येर्तो.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. चांगला कान दाराकडे होता, आणि खालची ठणठण थांबलेली नसताना जिन्याची पहिली पायरी करकरली होती. म्हणजे येणारे मामा नव्हते.

माल आला नाही म्हणून मुकादम दुपारीच घरी गेला होता. दाराआड रिकामी खुंटी दिसली. तिथून तो लाँड्रीत गेला, आणि दोन बायकांचे केस ओढल्यावर तिसरीने शिकवणीचा पत्ता दिला. गोणी ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या हातातच होता. ठोकमामा गाडीखाली होते. त्यांच्या तंगड्यांवरून ओलांडून तो जिन्याला लागला.

बाईंनी हातोडी उचलली, उंबरा ओलांडला, धोंड्याला लाथ घातली आणि इतकी वर्षं उघडं असलेलं दार आपल्यामागे ओढून घेतलं. दाराला कडी नव्हती. म्हणून त्या स्वतःच त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाय थोडे फाकलेले, हात अंगाशी, मान ताठ. कितीतरी वर्षांनी पाठीला फळी लागली होती, आणि अंगाला ती उभं राहण्याची रीत आठवत होती.

"बाई! बाई, सरका, मी येतो!" आतून आचारी दार ढकलत होता.

"आत बस. उद्याची उत्तरं म्हणून घे."

मुकादम वर आला. उंच, रुंद, घामाने निथळत. "ए म्हातारे. माझी बायको काढ बाहेर."

"वर्ग चालू आहे."

"माझं कुलूप चोरलंय तिने. कुठाय कुलूप?"

"फुटलं."

त्याने आकडा फिरवला. बाईंच्या कानाजवळ, पाळी नसलेल्या त्याच कानाजवळ, आकड्याचं टोक दारात घुसलं. ढलपी गालात रुतली. बाईंची पापणी लवली नाही.

"चुकला," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस याहून बरा नेम धरायचा."

त्याने शिवी हासडली, आकडा उपटला आणि पुन्हा घातला. या वेळी खांद्याचं मांस फाडून तो लाकडात खोल बसला. तो दोन्ही हातांनी ओढायला लागला, आणि नेमकं तेवढ्यासाठीच बाई थांबल्या होत्या. हातोडी खालून वर आली आणि त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा होतो. तो गुरासारखा ओरडला. आत इस्त्रीवाली किंचाळली. खाली ठणठण थांबली.

पण त्याचा डावा हात शाबूत होता. त्याने आकडा सोडवला आणि बाईंच्या पोटात खुपसला.

बाई वाकल्या, पण दारासमोरून हलल्या नाहीत. त्याची कॉलर त्यांनी मुठीत धरली आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. रक्त दोघांच्या तोंडावर उडालं. तो त्यांना बाजूला ओढत होता, त्या त्याला घट्ट धरून होत्या, आणि अरुंद जिन्याने शेवटी आपला जुना नियम पाळला. दोघं मिठी मारल्यासारखे गडगडत खाली आले. पायऱ्यांवर डोकं आपटत, कठडा मोडत, एका चेपलेल्या गाडीच्या बॉनेटवर.

मुकादम आधी उठला. त्याने बाईंच्या केसांना हात घातला, एवढ्यात गाडीखालून ठोकमामा बाहेर आले. आयुष्यभर आतून ठोकणाऱ्या त्या माणसाने लाकडी मोगरी दोन्ही हातांत धरली आणि बाहेरून ठोकलं. गुडघ्यावर. मग पडलेल्या माणसाच्या दुसऱ्या गुडघ्यावर. मग जिथे लागेल तिथे. आचारी धावत खाली आला आणि त्याने मामांना मागून कवेत उचललं, तेव्हा मामांचे पाय हवेत होते आणि मोगरी अजून फिरत होती.

"मामा, मरेल तो!"

"मग?" मामा ओरडले. "मग काय?"

इस्त्रीवाली बाईंच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती. दोन्ही तळवे बाईंच्या पोटावर दाबलेले, बोटांमधून रक्त वर येत होतं.

"माझ्यामुळे झालं बाई. मी नाही जात उद्या. मी इथेच राहते, तुमच्यापाशी."

बाईंनी तिचं चटक्यांचं मनगट पकडलं. पकड अजून लोखंडी होती. "मग मी मार कशाला खाल्ला गं? हौस होती म्हणून?"

बाईंना मामांनी एका अर्धवट सरळ केलेल्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. गाडीला पुढचं दार नव्हतं. आचाऱ्याने त्या जागी बसून पूर्ण रस्ताभर बाईंना आपल्या अंगाचा आडोसा दिला. मुकादमाला पोलिसांनी स्ट्रेचरवरून नेलं. इस्त्रीवालीला आचारी आपल्या घरी घेऊन गेला, जिथे सासूबाईंनी तिला जेवू घातलं, आपली नवी साडी नेसवली, आणि कप कुठे गेला म्हणून जावयाला चार गोष्टी सुनावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धावत इस्पितळात आली. बाई पांढऱ्या चादरीत अगदी छोट्या दिसत होत्या. नळ्या, पट्ट्या, पण डोळे टक्क उघडे.

"काय विचारलं?"

"एक चित्र दाखवलं बाई. घरात चोरी झाल्यानंतरचं. म्हणाले, काय काय दिसतं ते सांगा. मी सांगितलं. खिडकी फुटलेली. कपाट उघडलेलं. दिवा पडलेला. कपडे विस्कटलेले. आणि कोपऱ्यात कुत्रा, झोपलेला."

"कुत्रा झोपलेला! कामाचा कुत्रा. आणि चोर?"

"चोर नव्हता चित्रात."

बाई हसल्या. टाके ओढले गेले, तोंड वाकडं झालं, तरी हसत राहिल्या. "कधी नसतोच गं."

"पास झाले, बाई."

"मग इथे काय करतेस?"

तिने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गेली. दारातून वळून तिने विचारलं, दार लावून घेऊ का. बाईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याच आठवड्यात ती विमानात बसली. आचारी तिला पोचवून आला, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत आपण बघत होतो, डोळ्यांत धूळ गेली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

बाईंचा ताप मात्र उतरला नाही. आकडा गंजका होता, आत विष पसरलं होतं. डॉक्टरांनी मामांना बाहेर बोलावून सांगितलं, आणि मामा हात पुसत परत आले, धुतले तरी काळे राहणारे हात.

ते स्टुलावर बसले. मग त्यांचा बांध फुटला.

"मोडलात हो बाई. माझ्या दारात मोडलात तुम्ही. माझ्या तंगड्यांवरून गेला तो, आणि मला कळलं नाही."

बाईंनी डोळे उघडले. खूप लांबून, एखाद्या रिकाम्या होत चाललेल्या तंबूच्या टोकावरून बघावं तशा त्या मामांकडे बघत होत्या. ओठ हलले. मामांनी कान जवळ नेला. स्वर बारीक होता, पण शब्द स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे.

"मोडले नाही मामा. पोचा आलाय नुसता. आतून ठोका."